दहा दिनारांचा हिशेब

लढाईचा सिनेमा पाहून आलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा विचारतो, 'लढाया कशा घेतल्यात?' इतिहासाची थोडी आवड असेल तर दुसरा प्रश्न येतो, 'खरं किती आणि पदरचं किती?' मला वाटतं, आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तलवारी म्यानात गेल्यावर हरलेल्या शहरातल्या साध्या माणसांचं पुढे काय झालं? पाणी भरणाऱ्या, भाकरी भाजणाऱ्या, ज्यांचं नाव कुठल्याही दफ्तरात नाही अशा माणसांचं? सिनेमाने ते सांगितलं का?

रिडली स्कॉट या दिग्दर्शकाचा 'किंग्डम ऑफ हेवन' हा सिनेमा मी अलीकडे पुन्हा पाहिला, तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. सिनेमा २००५ सालचा. विषय ११८७ सालचा. सुलतान सलाहुद्दीन अय्युबी याने ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांकडून जेरुसलेम जिंकून घेतलं, त्याची ही गोष्ट. आपल्या शाळेच्या पुस्तकात तो 'सलादिन' म्हणून एका ओळीत भेटतो आणि लगेच निघून जातो.

या सिनेमाच्या दोन प्रती आहेत. चित्रपटगृहांत सर्वत्र लागली ती २ तास २४ मिनिटांची. पुढे दिग्दर्शकाने आपल्या मनासारखी जोडलेली ३ तास १४ मिनिटांची प्रत २००६मध्ये डीव्हीडीवर आली. मधली ५० मिनिटं म्हणजे केवळ जास्तीच्या लढाया नव्हेत. छोट्या प्रतीत राणी सिबिला ही एक सुंदर, उदास बाई आहे, तिला पुढे वेड का लागतं ते कळत नाही. मोठ्या प्रतीत तिला एक लहान मुलगा आहे. तिचा भाऊ, राजा बाल्डविन चौथा, कुष्ठरोगाने झिजून गेला. त्याच्यामागे हा भाचा गादीवर बसतो आणि एके दिवशी त्या आईच्या लक्षात येतं की मुलाच्या हाताला चटका बसला तरी त्याला कळत नाही. त्या एका कथाभागाने सगळ्या राज्याचा डोलारा आतून कसा पोखरला होता ते समजतं. ही प्रत पाहिल्यावर हा सिनेमा आपल्या काळातल्या चांगल्या युद्धपटांत धरावा लागतो, असं माझं मत झालं.

सिनेमात इतिहास बराच वाकवला आहे. नायक बेलियन हा फ्रान्समधला लोहार दाखवलाय. खरा बेलियन तिकडच्याच मातीत वाढलेला, इबेलिनच्या सरदार घराण्यातला, चाळिशीच्या आसपासचा संसारी गृहस्थ होता. त्याची बायको मारिया ही बायझंटाइन राजघराण्यातली, जेरुसलेमच्या आधीच्या राजाची विधवा. सिबिलाशी त्याचं प्रेमप्रकरण ही पटकथेची भर आहे. खरी सिबिला तर नवऱ्याला, म्हणजे गी याला, घट्ट धरून राहिली. ११८६मध्ये सरदारांनी तिला अट घातली की नवऱ्याला सोडशील तर मुकुट देऊ. ती म्हणाली, ठीक, पण पुढचा नवरा माझा मी निवडीन. मुकुट डोक्यावर आला आणि तिने भर समारंभात गी यालाच पुन्हा निवडलं! राजा बाल्डविनचा तो चांदीचा मुखवटाही सिनेमाचाच. पण त्याचा रोग खरा, त्याचं धैर्य खरं. सोळाव्या वर्षी, ११७७मध्ये, त्याने माँजिसारच्या मैदानावर सलाहुद्दीनचा पराभव केला होता. ११८५मध्ये, पंचविशीही न गाठता तो गेला.

असल्या बदलांचा मला राग येत नाही. आपल्याकडच्या बखरी वाचणाऱ्याला तर मुळीच येऊ नये. गोष्ट सांगणारा माणूस थोडं इकडचं तिकडे करतोच. काय बदललं यापेक्षा काय गाळलं, ते मला अधिक बोलकं वाटतं.

आधी जे साधलं आहे ते सांगतो. या सगळ्या कहाणीचं मर्म हित्तीनच्या लढाईत आहे. ४ जुलै ११८७. ही लढाई पाण्याने जिंकली आणि पाण्यावाचून हरली. ख्रिस्ती फौज सफ्फुरियाच्या झऱ्यांजवळ तळ देऊन होती. सलाहुद्दीनने तिबेरियास गावाला वेढा घातला. त्या गढीत रेमंड या मोठ्या सरदाराची स्वतःची बायको अडकली होती आणि तरीही रेमंडच राजाला सांगत होता, पाणी सोडून पुढे जाऊ नका, तो आपल्याला बाहेर काढण्यासाठीच हे करतोय. गी याने ऐकलं नाही. ऐन उन्हाळ्यात, चिलखतं घालून, हजारो माणसं कोरड्या माळावरून निघाली. रात्री मुक्काम पडला तो पाण्याविना. समोर काही कोसांवर तळ्याचं पाणी आणि मध्ये सलाहुद्दीनची फौज. त्याच्या गोटात उंटांवरून पाणी येत होतं. वाळलेल्या गवताला आग लावून तो धूर या तहानलेल्या माणसांच्या अंगावर सोडला गेला. दुसऱ्या दिवशी लढाई म्हणावी असं फार उरलं नव्हतं.

स्कॉटने ही लढाई दाखवलेलीच नाही. मरत चाललेली फौज दिसते, आकाशातली गिधाडं दिसतात आणि मग थेट प्रेतांनी भरलेला माळ. एवढा पैसा हाताशी असलेल्या दिग्दर्शकाने सगळ्यात मोठी लढाई न दाखवायची म्हणजे धाडस आहे. तहान ही कॅमेऱ्यापुढे मोठी करून दाखवण्याची गोष्ट नव्हे, हे त्याला कळलं होतं.

त्यानंतरचा तंबूतला प्रसंग तर सर्वांना आठवत असेल. सलाहुद्दीन कैद झालेल्या राजाला बर्फ घातलेला प्याला देतो. राजा तो शेजारच्या रेनाल्दकडे सरकवतो. रेनाल्द म्हणजे तह मोडून काफिले लुटणारा सरदार. सलाहुद्दीन म्हणतो, हा प्याला मी याला दिलेला नाही. अरबांची रीत अशी की ज्या कैद्याने तुमच्या हातचं खाल्लं-प्यायलं त्याच्या जिवाला तुम्ही अभय दिलं. आपण 'मिठाला जागणं' म्हणतो, त्याच घराण्यातली ही रीत आहे. रेनाल्दला ते अभय मिळालं नाही, तिथेच त्याच्यावर तलवार चालली. हे इतिहासाला धरून आहे. गी याला मात्र सुलतानाने धीर दिला की राजे राजांना मारत नाहीत.

आता गाळलेलं. हित्तीननंतर दोन दिवसांनी सलाहुद्दीनने टेम्पलर आणि हॉस्पिटलर या दोन लढाऊ पंथांचे जेवढे कैदी हाती होते तेवढे एकत्र करायला सांगितले. ते आणून देणाऱ्यांना माणशी ५० दिनार दिले. दोनशेच्या वर कैदी जमले आणि त्या सगळ्यांची मुंडकी उडवली गेली. ते काम करायला सैन्याबरोबरचे सूफी आणि विद्वान पुढे आले. त्यांतल्या अनेकांनी जन्मात तलवार धरली नव्हती, काहींचे हात थरथरले, काहींना जमेना. सलाहुद्दीन प्रसन्न चेहऱ्याने पाहत होता. हे कुणा शत्रूने लिहिलेलं नाही. त्याच्याच चिटणीसाने, अभिमानाने लिहून ठेवलंय. सिनेमात यातलं काही नाही.

उलट एक फार सुंदर गोष्टही सिनेमाने हातची घालवली. हित्तीनमधून निसटलेल्या खऱ्या बेलियनने सलाहुद्दीनकडे विनंती केली, माझी बायको आणि मुलं जेरुसलेमला आहेत, त्यांना घेऊन येतो. सुलतान म्हणाला, जा, पण एकच रात्र राहायचं आणि माझ्याविरुद्ध हत्यार धरायचं नाही, अशी शपथ घे. बेलियनने शपथ घेतली. शहरात पोचला तर सगळं गाव पायाशी आलं. लढाईत सरदार संपले होते, नेता कुणी नव्हता. आम्हाला सोडून जाऊ नकोस. शपथ मोडायची की माणसं सोडायची? त्याने सलाहुद्दीनलाच आपली अडचण कळवली. सलाहुद्दीनने त्याला शपथेतून मोकळं केलं. एवढंच नाही, बेलियन आता आपल्याविरुद्ध तट लढवणार हे ठाऊक असूनही त्याच्या बायकामुलांना सुखरूप त्रिपोलीकडे पोचवण्यासाठी सोबत दिली. पटकथेत लोहार घालायची काय गरज होती, असं वाटतं ना?

२० सप्टेंबरला वेढा पडला. २९ सप्टेंबरला उत्तरेच्या बाजूने तटाला खिंडार पडलं. बेलियन वाटाघाटींना बाहेर आला. सिनेमातला बेलियन म्हणतो, दोन्ही धर्मांची सगळी पवित्र ठिकाणं मी जमीनदोस्त करीन. खऱ्याने याहून भयंकर धमकी दिली होती. कुब्बतुस्सखरा आणि अल-अक्सा मशीद पाडीनच, शिवाय शहरात कैदेत असलेले पाच हजार मुसलमान आधी मारीन, मग आमची स्वतःची बायकामुलं मारून बाहेर पडू. सलाहुद्दीनच्या डोळ्यांसमोर १५ जुलै १०९९ होतं. त्या दिवशी पहिल्या धर्मयुद्धाच्या फौजांनी हे शहर घेतलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची आणि ज्यूंची सरसकट कत्तल झाली होती. तशीच परतफेड करण्याचं तो बोलला होता. धमकीनंतर त्याने सरदारांशी मसलत केली आणि तह झाला. २ ऑक्टोबर ११८७, शुक्रवार, हिजरी ५८३च्या रजब महिन्याची २७ तारीख. मुसलमान घरात ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही, हीच शब-ए-मेराजची तिथी मानतात.

आणि इथे सिनेमा आणि इतिहास यांचे रस्ते वेगळे होतात. पडद्यावरचा सलाहुद्दीन म्हणतो, बायका, मुलं, म्हातारे, सैनिक, सगळ्यांना सुखरूप जाऊ देतो. मोठमोठ्या रांगा शहराबाहेर पडताना दिसतात. मन भरून येतं.

खऱ्या तहात दर ठरला होता. पुरुषामागे १० दिनार, बाईमागे ५, मुलामागे एक किंवा दोन, नोंदी इथे वेगळ्या आहेत. मुदत ४० दिवस. ज्याला देता येणार नाही तो गुलाम. दिनाराचं शास्त्रात सांगितलेलं वजन सव्वाचार ग्रॅम. म्हणजे एका पुरुषाची सुटका साडेतीन तोळे सोन्याहून थोडी महाग. नवरा, बायको आणि दोन मुलं असं घर धरलं तर सहा ते सात तोळे. आजही आपल्याकडे किती घरांत, वेढ्याने खंगलेल्या शहरात, चाळीस दिवसांत एवढं सोनं उभं राहील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

त्या चाळीस दिवसांत काय काय झालं! इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने प्रायश्चित्त म्हणून तिकडे पाठवलेला पैसा हॉस्पिटलर पंथाकडे ठेवलेला होता. तो काढून गरिबांसाठी ३० हजार दिनार भरले गेले आणि त्यात सात हजार माणसं सुटली. शहराचा मुख्य धर्मगुरू हेराक्लियस याने मात्र आपले दहा दिनार मोजले आणि चर्चमधलं सोनं-चांदी, गालिचे गाड्यांवर लादून तो बाहेर पडला. सलाहुद्दीनच्या माणसांना हे पाहवेना. जप्त करा म्हणाले. सुलतान म्हणाला, शब्द दिलाय, त्याच्याकडूनही दहाच घ्या. दुसरीकडे सुलतानाचा भाऊ अल-आदिल याने एक हजार कैदी बक्षीस म्हणून मागून घेतले आणि तिथल्या तिथे सोडून दिले. मग धर्मगुरूने मागितले, बेलियनने मागितले, त्यांनाही काही शे मिळाले. मग सलाहुद्दीन म्हणाला, आता माझी पाळी, आणि ज्यांच्याजवळ काही नाही अशा वृद्धांना त्याने एका वेशीतून जाऊ दिलं. हे सगळं खरं. सिनेमातल्या सलाहुद्दीनचा मोठेपणा यातूनच उचललेला आहे.

तरीही शेवटी वेशीच्या आत उरले ते सुमारे पंधरा हजार. सात हजार पुरुष, आठ हजार बायका आणि मुलं. ते वाटून घेतले गेले.

हा आकडा लिहिणारा माणूस मला या कहाणीत सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याच्याविषयीच मला सर्वांत जास्त अवघडल्यासारखं होतं. त्याचं नाव इमादुद्दीन अल-इस्फहानी. सलाहुद्दीनचा चिटणीस. मोठा साहित्यिक, स्वतः कवी, आपल्या काळातल्या कवींच्या रचनांचा प्रचंड संग्रह करणारा. सिनेमातही तो आहे, पण त्याच्या हातची लेखणी काढून तलवार दिली आहे. अलेक्झांडर सिद्दीग या नटाने केलेला, नायकाशी सौजन्याने वागणारा तो देखणा मुसलमान सरदार, तो हाच.

खऱ्या इमादने या विजयाचा ग्रंथ लिहिला तो यमकांनी बांधलेल्या गद्यात. प्रत्येक वाक्याला जोड, प्रत्येक शब्दाला प्रतिध्वनी. त्या शैलीत त्याने शहरात फिरलेल्या आनंदाचं वर्णन केलंय आणि त्याच शैलीत कैद झालेल्या बायकांचंही. त्यांची वाटणी, त्यांची विटंबना, यमकावर यमक. भाषांतरातसुद्धा ते वाचताना मला मध्येच थांबावं लागतं. कवी म्हणून मला ठाऊक आहे की यमक जुळायला लागलं की हात आपोआप पुढे सरकतो आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. आठशे वर्षांपूर्वीच्या या जातभाईने तेच केलं. पण त्याच लेखणीने आपल्याच लोकांचे घोटाळेही लिहिले. वेशीवरचे कारकून लाच घेत होते. कुणाला दोरीने तटावरून खाली सोडलं, कुणाला सामानात लपवून काढलं, कुणाला मुसलमान शिपायाचे कपडे चढवून. सुलतानाच्या खजिन्यात जेमतेम लाखभर दिनार आले, बाकीचे वाटेत जिरले. दहाव्या-बाराव्या शतकातला असो की आपला, नाक्यावरचा कारभार ओळखीचाच! आणि हे सगळं लिहून झाल्यावर त्याने पंधरा हजारांचा आकडाही लिहिला. तो लपवला नाही. त्यामुळेच आज आपण तो मोजू शकतो.

आता मला हे सगळं का बोलावंसं वाटलं, ते सांगतो. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान माणूस. माझ्या पिढीने पडद्यावर पाहिलेला मुसलमान सरदार बहुधा एकाच साच्यातून निघालेला. डोळ्यांत सुरमा, हातात मांसाचा तुकडा, आणि विनोद झालेला नसतानाही गडगडाटी हसणं. हॉलिवूडमध्ये तर ११ सप्टेंबर २००१नंतर त्याच्या हातात बाँब आला. अशा दिवसांत, इराकवरच्या हल्ल्याला दोन वर्षं झाली असताना, एका ब्रिटिश दिग्दर्शकाने सीरियाच्या गस्सान मसूदला सलाहुद्दीन केलं. जिंकलेल्या महालात फिरताना जमिनीवर पडलेला क्रूस तो उचलतो आणि अदबीने पुन्हा मेजावर ठेवतो. बैरुतच्या चित्रपटगृहात या दृश्याला लोक उठून टाळ्या वाजवत होते, असं पत्रकार रॉबर्ट फिस्क यांनी तेव्हा लिहिलं होतं. मला त्या टाळ्या समजतात. तेव्हाही समजल्या, आजही समजतात. तो क्रूस उचलणं सिनेमाने रचलेलं असलं तरी त्याला आधार नाही असं नाही. ख्रिस्तांच्या कबरीचं चर्च पाडा असा सल्ला सलाहुद्दीनला मिळाला होता आणि त्याने तो मानला नाही. ज्यूंनाही त्याने शहरात परत राहू दिलं.

पण टाळ्या वाजवून झाल्यावर काय? वर्षानुवर्षं ज्याला खलनायकच केलं जातं, त्याला कुणी एकदा नायक केलं की तो इतका हरखतो की त्या नायकाच्या अंगावर एक डागही त्याला सोसत नाही. ब्रिटनमधले धर्मयुद्धांचे अभ्यासक जोनाथन रायली-स्मिथ यांनी या सिनेमावर फार कडक टीका केली होती. मुसलमान सगळे सुसंस्कृत आणि धर्मयोद्धे सगळे रानटी, अशी ही मांडणी आहे, असा त्यांचा सूर होता. त्यांच्या टीकेतला कडवटपणा मला पटत नाही. खुद्द सिनेमात बाल्डविनसारखा राजा आहे, रेमंडवर बेतलेला सुज्ञ सरदार आहे. पण सलाहुद्दीनला धुऊन-पुसून ठेवलाय, हे म्हणणं खोडून काढता येत नाही. आणि त्याची तक्रार दुसऱ्यांनी करण्याआधी आपण करावी, असं मला वाटतं.

कारण धुऊन ठेवलेला सलाहुद्दीन कुणाच्याही कामी येतो. १९६३मध्ये इजिप्तमध्ये युसुफ शाहीन यांनी 'अल-नासिर सलाहुद्दीन' हा मोठा सिनेमा काढला. 'नासिर' म्हणजे विजयी, ही सुलतानाची पदवी. आणि त्या वेळी सत्तेवर होते अध्यक्ष नासर. प्रेक्षकांना वेगळं सांगावं लागलं नाही. शाहीन स्वतः ख्रिस्ती घरातले, त्यांनी अरब मुसलमान आणि अरब ख्रिस्ती खांद्याला खांदा लावून लढताना दाखवले, त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण सलाहुद्दीन त्यात अरबांचा नेता झाला. तो तर वंशाने कुर्द! जन्म इराकमधल्या तिक्रितचा. त्याच मुलखातला सद्दाम हुसेन स्वतःला त्याचा वारस म्हणवून घेत असे, आणि त्याच सद्दामच्या फौजेने १९८८मध्ये हलब्जात हजारो कुर्दांवर विषारी वायू सोडला. सोयीचं तेवढं ठेवलं की पुतळा तयार होतो, आणि पुतळ्याचा हात कुठल्याही दिशेला वळवता येतो.

मग दहा दिनारांच्या हिशेबाने सलाहुद्दीन लहान ठरतो का? मला तसं वाटत नाही. १०९९मध्ये त्याच शहरात काय झालं ते आपण पाहिलं. त्या काळच्या युद्धाची रीत पाहता, ताकदीने जिंकत आलेलं शहर त्याने रक्तपाताविना घेतलं, दिलेला शब्द शत्रूच्या लोभी धर्मगुरूच्या बाबतीतही पाळला. हे मोठं आहेच. खंडणी घेऊन सोडणं हा त्या काळी दोन्ही बाजूंचा रिवाज होता. पण रिवाज होता म्हणून त्या आठ हजार बायका-मुलांचं आयुष्य काही कमी खरं होत नाही. त्याची दया खरी होती आणि तिला दर लावलेला होता. हित्तीनजवळच्या त्या सकाळी त्याच्या चेहऱ्यावर प्रसन्नता होती आणि जेरुसलेमच्या वेशीवर त्याने म्हाताऱ्यांना फुकट सोडलं. माणूस एकच. हे सगळं एकत्र धरून ठेवणारा सिनेमा करणं कठीण आहे. पण ज्याने हित्तीनची तहान दाखवण्याचा संयम दाखवला, त्या दिग्दर्शकाला ते जमलं असतं, म्हणून तर मी हे बोलतोय. छोट्या, सुमार सिनेमाकडून अशी अपेक्षा कोण करतं?

खऱ्या बेलियनचं पुढचं आयुष्य सिनेमाइतकं नाट्यमय नाही. तो फ्रान्सला जाऊन पुन्हा घणावर बसला नाही. तिकडेच राहिला. ११९२मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सलाहुद्दीन यांच्यात तह झाला, त्या वाटाघाटींत तो होता. सलाहुद्दीनने त्याला केमाँची छोटी जहागीर दिली. पुढच्या वर्षाच्या सुमारास बेलियन वारला.

सलाहुद्दीनही त्याच वर्षी, ११९३च्या मार्चमध्ये, दमास्कसला तापाने गेला. इजिप्तपासून सीरियापर्यंतचा तो धनी. त्याच्या शेवटच्या वर्षांतला सोबती बहाउद्दीन याने लिहून ठेवलंय की खजिना उघडला तेव्हा त्यात चांदीचे ४७ दिरहम आणि सोन्याचं एकच नाणं निघालं. मिळालेलं सगळं तो वाटून टाकत असे. दफनाच्या खर्चासाठी उसनवारी करावी लागली. आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट फार आवडते, आणि ती सांगण्यासारखीच आहे. ज्याने दहा दिनार न दिल्याबद्दल हजारोंना गुलाम होऊ दिलं, त्याच्या स्वतःच्या पेटीत शेवटी दहा दिनार नव्हते. मुलांना ही गोष्ट सांगताना मी आता दोन्ही आकडे सांगतो. आधी पंधरा हजारांचा, मग त्या एका नाण्याचा.

सिनेमा जरूर पाहा, पण मोठी प्रत पाहा. आणि त्या शेवटच्या रांगा शहराबाहेर पडत असतील तेव्हा वेशीशी एक बैठक मनाने मांडा. त्यावर एक कारकून, एक तराजू, एक वही. रांगेतल्या कुणाला तरी तो थांबवतोय, त्याच्या बायकोला पुढे जायला सांगतोय, आणि त्याला उजवीकडे उभं राहायला सांगतोय.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)